पाय गळाले, आणि दोष निघाला छातीत

[दृश्य: ओपीडीतली तपासणीची खोली. टेबलाच्या कडेला पाय सोडून बसलेला माणूस. कॅमेरा त्याच्या गुडघ्यावर.]

साठीच्या आतबाहेरचा माणूस. तीस-पस्तीस वर्षं बिडी ओढलेली, आणि तक्रार काय तर जिना चढवत नाही. दोन महिन्यांपूर्वी सहज चढत होतो म्हणतो, आता चार पायऱ्या चढल्या की मांड्या भरून येतात, जमिनीवर मांडी घालून बसलं तर कुणी हात दिल्याशिवाय उठता येत नाही, संडासात बसलं की उठताना नळाला धरावं लागतं. खोकला नाही, ताप नाही, छातीत दुखत नाही. तोंडाला मात्र सारखी कोरड पडते, उशाशी पाण्याचा तांब्या घेऊन झोपतो, पोट साफ होत नाही, आणि एक गोष्ट तो मुलासमोर बोलत नाही, डॉक्टरांनी मुलाला बाहेर पाठवून विचारलं तरच सांगतो, की गेले काही महिने नवरा-बायकोचे संबंध होत नाहीयेत.

घरचे म्हणतात वय झालं. कुणी शुगर तपासतं, कुणी बी ट्वेल्व्हची इंजेक्शनं देतं, कुणी कमरेचा एमआरआय काढायला सांगतं आणि त्यात मणक्याची झीज दिसतेच, कारण साठीत ती कुणाच्याही मणक्यात दिसते, मग त्या झिजेवर सगळं खापर फुटतं आणि फिजिओथेरपी सुरू होते. यात दोन-चार महिने सहज निघून जातात.

आता हा गुडघा नीट बघा. न्यूरॉलॉजिस्ट गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारतात. पाय उडायला पाहिजे, पण काहीच नाही, पाय लटकलेला तसाच. परत मारतात, तरी नाही. मग डॉक्टर म्हणतात, "काका, पाय सरळ करा आणि जोर लावून ताणून धरा, मी दहा मोजतो." काका दात-ओठ खाऊन पाय ताणतात, दहा आकडे होतात, पाय खाली येतो आणि डॉक्टर लगेच त्याच जागी हातोडी मारतात. पाय टणकन उडतो.

मेलेला रिफ्लेक्स दहा सेकंद जोर लावल्यावर जागा होतो, आणि एक-दोन मिनिटांत परत जातो. याला मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत, फक्त हे करून बघायचं सुचावं लागतं. आणि हे दिसलं की पुढची तपासणी पायाची नसते. छातीचा सीटी स्कॅन करायचा असतो.

[दृश्य: जुन्या लंडनची कृष्णधवल चित्रं.]

या आजाराचं नाव लँबर्ट-ईटन सिंड्रोम. पण गोष्ट त्या नावाच्या थोडी आधी सुरू होते. १९५३ साली लंडनमधल्या अँडरसन, चर्चिल-डेव्हिडसन आणि रिचर्डसन या तीन डॉक्टरांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एका रुग्णाची हकिगत छापली. फुप्फुसात गाठ, सोबत स्नायूंचा अशक्तपणा, आणि भूल देताना सक्सिनिलकोलीन नावाचं स्नायू सैल करणारं औषध दिलं तर माणसाचा श्वास परत सुरू व्हायला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. त्यांनी शीर्षकातच दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, फुप्फुसातली गाठ आणि स्नायूंचा अशक्तपणा. त्या काळात हे शेजारी ठेवणंच मोठं होतं.

तीन वर्षांनी, १९५६ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमधून एडवर्ड लँबर्ट, ली ईटन आणि डग्लस रूक यांनी अशाच रुग्णांच्या नसांचे आणि स्नायूंचे विजेचे आलेख मांडले. लँबर्ट हा मुळात फिजिऑलॉजीचा माणूस, दुसऱ्या महायुद्धात मेयोमध्येच वैमानिकांवर वेगाचा आणि वळणाचा काय ताण येतो यावर काम केलेला, त्यामुळे शरीरातलं काहीही मोजायची त्याला सवय होती. त्यांनी हाताच्या नसेला विजेचा एक हलका झटका दिला आणि अंगठ्याच्या किंवा करंगळीच्या स्नायूचा प्रतिसाद मोजला. तो अगदी बुटका आला. मग रुग्णाला तोच स्नायू थोडा वेळ जोरात आवळायला लावला आणि परत झटका दिला, तर आलेखाची उंची दुप्पट, कधी कधी त्याच्याही कितीतरी वर. मायस्थेनिया हा स्नायू थकण्याचा आजार तेव्हा डॉक्टरांना चांगला माहीत होता, त्यात वापरलं की शक्ती कमी होते. इथे उलटं होतं, वापरलं की शक्ती थोडा वेळ वाढत होती. म्हणजे हा आजारच वेगळा. आजही आपल्याकडच्या कुठल्याही चांगल्या ईएमजी लॅबमध्ये, म्हणजे नसा-स्नायूंची वीज मोजतात तिथे, निदान याच पद्धतीने होतं, सत्तर वर्षांत मूळ कल्पना बदललेली नाही.

[दृश्य: अ‍ॅनिमेशन. नसेचं टोक आणि स्नायू, मध्ये बारीक फट.]

असं का होतं ते समजून घेऊ, कारण इथेच सगळी गंमत आहे. मेंदूचा हुकूम नसेतून विजेच्या रूपात स्नायूपर्यंत येतो, पण नस स्नायूला चिकटलेली नसते, मध्ये फट असते. ती फट ओलांडायला नस अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडते, आणि ते सुटण्यासाठी आधी नसेच्या टोकात कॅल्शियम शिरावं लागतं. कॅल्शियमला आत घेणारी जी छोटी दारं असतात त्यांना कॅल्शियम चॅनल म्हणतात. लँबर्ट-ईटनमध्ये रुग्णाच्याच रक्तातल्या अँटीबॉडी, म्हणजे एरवी जंतूंशी लढणारी प्रथिनं, या चॅनलना जाऊन चिकटतात आणि त्यांची संख्या कमी करून टाकतात. दारं कमी, म्हणून कॅल्शियम कमी, म्हणून रसायन कमी, म्हणून स्नायू ढिला. गावातला हापसा आठवा, पहिले चार-पाच दणके कोरडे जातात आणि मग पाणी येतं, तसंच पाय ताणून धरल्यावर नसेतून भराभर हुकूम येत राहतात, उरल्यासुरल्या दारांतून थेंब थेंब शिरलेलं कॅल्शियम आत साठत जातं आणि मग रसायन पुरेसं सुटतं. म्हणून दहा सेकंदांनी गुडघा उडतो. तोंडाची कोरड, बद्धकोष्ठ, संबंधांतली अडचण हेही त्याच चॅनलमुळे, कारण लाळ, आतडी, रक्तवाहिन्या सांभाळणाऱ्या नसांनाही तीच दारं लागतात.

हे अँटीबॉडीचंच काम आहे हे सिद्ध झालं १९८१ मध्ये. लंडनमध्ये जॉन न्यूसम-डेव्हिस, बेथन लँग, अँजेला व्हिन्सेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या रक्तातल्या अँटीबॉडी उंदरांना टोचल्या आणि उंदरांच्या नसा-स्नायूंमध्ये तोच बिघाड उतरला. उलट बाजूने रुग्णांचा प्लाझ्मा बदलला, म्हणजे अँटीबॉडी काढून टाकल्या, तर रुग्णांना बरं वाटलं.

पण मग अँटीबॉडी तयार कशाला झाल्या? शरीर स्वतःच्या नसांवर का उठलं? त्याचं उत्तर १९८५ मध्ये याच गटाच्या पुढच्या कामातून पक्कं झालं. फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार आहे, स्मॉल सेल, जो फुप्फुसाच्या सगळ्या कॅन्सरमध्ये साधारण १५ टक्के असतो, जवळजवळ नेहमी धूम्रपान करणाऱ्यांनाच होतो आणि फार वेगाने पसरतो. या कॅन्सरच्या पेशींचा नसांच्या पेशींशी मिळताजुळता स्वभाव असतो आणि त्यांच्या अंगावरही कॅल्शियम चॅनल असतात. लँबर्ट-ईटनच्या रुग्णांच्या अँटीबॉडी प्रयोगशाळेतल्या कॅन्सरपेशींवर घातल्या तर त्या पेशींमधली कॅल्शियमची ये-जा मंदावली. म्हणजे प्रतिकारशक्तीने कॅन्सरला ओळखलं, त्याच्याविरुद्ध फौज उभी केली, आणि त्या फौजेला कॅन्सरच्या अंगावरचं जे चिन्ह दिसलं तेच चिन्ह नसांवरही होतं.

अशा आजारांना पॅरानिओप्लास्टिक म्हणतात. कॅन्सर नसेत शिरलेला नसतो, मेंदूत पसरलेला नसतो, तो छातीत कुठेतरी बारीकसा बसलेला असतो आणि त्रास भलतीकडे होतो. लँबर्ट-ईटनच्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना किंवा थोड्या जास्त जणांना स्मॉल सेल कॅन्सर निघतो, बाकीच्यांना कॅन्सर नसतोच, त्यांचा तो निव्वळ ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उठण्याचा, आजार असतो. त्यामुळे हे ऐकून लगेच घाबरून जाऊ नका, पण शोधायचं मात्र सोडू नका.

[दृश्य: सुई-दोरा हातात घेतलेली बाई. डोळे मिटलेले.]

आता दुसरा आजार, आणि हा मला जास्त क्रूर वाटतो.

१९४८ साली बोस्टनमध्ये डेरेक डेनी-ब्राउन या न्यूरॉलॉजिस्टने दोन रुग्णांचं वर्णन छापलं. दोघांनाही फुप्फुसाचा कॅन्सर, आणि दोघांच्याही हातापायांची जाणीव गेलेली. मणक्याच्या शेजारी दोन्ही बाजूंना जाणिवेच्या पेशींचे छोटे गुच्छ असतात, त्या पेशीच मेलेल्या होत्या. अशा रुग्णाची सुरुवात मुंग्या येण्याने होते, जळजळ होते, बऱ्याचदा एका हातात आधी मग दुसऱ्यात, आणि काही आठवड्यांत असं होतं की हातात शक्ती असते पण हात कुठे आहे हेच कळत नाही. शर्टाचं बटण बघितल्याशिवाय लावता येत नाही. खिशात हात घातला तर नाणं आहे की किल्ली ते सांगता येत नाही. दिवसा कसंबसं चालतात, रात्री लाइट गेली की जागच्या जागी पडतात, कारण पाय जमिनीवर टेकलाय हे फक्त डोळ्यांनीच कळत असतं. डॉक्टर म्हणतात हात पुढे करा आणि डोळे मिटा, आणि मिटल्या डोळ्यांनी बोटं आपोआप वर-खाली हलायला लागतात, माणसाला त्याचा पत्ताही नसतो.

हे कशामुळे, ते कळायला १९८५ उजाडावं लागलं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन-केटरिंग या कॅन्सर हॉस्पिटलात फ्रान्सेस्क ग्राउस, कार्लोस कॉर्डन-कार्डो आणि जेरोम पोसनर यांनी अशा दोन रुग्णांचं सीरम, म्हणजे रक्तातला अँटीबॉडी असलेला पातळ भाग, मेंदूच्या पातळ कापांवर टाकून बघितलं. नसांच्या पेशींची केंद्रकं रंगली, बाकीच्या अवयवांची नाही, आणि फुप्फुसाच्या स्मॉल सेल गाठीच्या पेशी मात्र रंगल्या. या अँटीबॉडीला त्यांनी अँटी-हू म्हटलं, रुग्णाच्या आडनावाची पहिली दोन अक्षरं घेऊन.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा, सगळं उपचारांचं गणित त्याच्यावर आहे. लँबर्ट-ईटनमध्ये अँटीबॉडी पेशीच्या बाहेरच्या अंगावर हल्ला करते, पेशी जिवंत राहते, अँटीबॉडी हटवली की काम बऱ्यापैकी परत येतं. अँटी-हूमध्ये ज्या प्रथिनाला शरीराने लक्ष्य केलंय ते पेशीच्या आत असतं. तिथे अँटीबॉडी पोचून काही करते असं दिसत नाही, ती फक्त खूण आहे, खरा घाव टी-सेल नावाच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी घालतात आणि त्या नसपेशीच मारून टाकतात. मेलेली नसपेशी परत उगवत नाही. म्हणून अँटी-हूच्या रुग्णाला जेव्हा निदान होतं तेव्हा जेवढं हातात शिल्लक आहे तेवढंच वाचवायचं असतं, आणि म्हणून तिथे एकेक आठवडा मोलाचा.

अँटी-हूवाला हाच हल्ला मेंदूच्या आतल्या भागावर झाला तर चित्र आणखी वेगळं. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये कोर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचे मेंदू तपासून त्याला लिंबिक एन्सेफलायटिस नाव दिलं आणि कॅन्सरशी त्याचा संबंध दाखवला. आठवणी साठवणारा मेंदूचा भाग सुजतो. माणूस सकाळी चहा पितो आणि दहा मिनिटांनी विचारतो, मला चहा नाही दिला का. तोच प्रश्न दिवसभर. चिडचिड, भास, रडणं, झोप उडणं, आणि मग फिट. आपल्याकडे अशा माणसाला आधी मानसोपचाराला नेतात, काही घरांत त्याच्याही आधी देवऋषाकडे, आणि यात घरच्यांना दोष देऊन उपयोग नाही, कारण जो माणूस महिन्याभरापूर्वी हिशेब तोंडपाठ करत होता तो एकदम असा वागायला लागला तर कुणाच्या मनात छातीचा सीटी येणार आहे? याच लक्षणांमागे कधी कधी दुसरी एक अँटीबॉडी असते, नसपेशींवरच्या गाबा-बी रिसेप्टर नावाच्या प्रथिनावरची, ती २०१० मध्ये होसेप दाल्माऊ यांच्या गटाने शोधली. तिच्या जवळपास निम्म्या रुग्णांना फुप्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर निघतो. हे लक्ष्य पेशीच्या बाहेरच्या अंगावर आहे, त्यामुळे इथे उपचारांना प्रतिसाद चांगला मिळू शकतो. दोन रुग्ण शेजारच्या खाटांवर, लक्षणं सारखीच, पण अँटीबॉडी कुठली यावर दोघांचं पुढचं आयुष्य ठरतं.

काही जणांचा छोटा मेंदू पकडला जातो, मग दारू न पिता झोकांड्या जातात, शब्द जड येतात. काही मोजक्यांचे डोळे सगळ्या दिशांना आपोआप थरथरत राहतात. हे सगळे प्रकार सांगत बसलो तर व्हिडिओ संपणार नाही.

[दृश्य: एक्स-रे आणि सीटी स्कॅन शेजारी शेजारी.]

हे किती दुर्मिळ? लँबर्ट-ईटन धरला तर दहा लाखांत मोजके रुग्ण. पण उलट्या बाजूने बघा. इंग्लंडमध्ये स्मॉल सेल कॅन्सरच्या २६४ रुग्णांना ओळीने तपासलं, तो अभ्यास २०१५ मध्ये आला, आणि त्यात साधारण ९ टक्के लोकांना असा कुठला ना कुठला मज्जासंस्थेचा त्रास निघाला. म्हणजे दहा-अकरातला एक. शहरातल्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात असे रुग्ण येत असणारच, फक्त तिथे पाय गळण्याचं खापर केमोवर किंवा वजन घटण्यावर फुटतं.

अजून एक गोष्ट. यातल्या बहुतेकांना नसांचा त्रास आधी सुरू होतो आणि कॅन्सर नंतर सापडतो, कधी काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी. प्रतिकारशक्ती गाठ लहान असतानाच जागी झालेली असते आणि तिला दाबूनही ठेवत असते असं दिसतं. गाठ कधी छातीच्या मधल्या लिम्फ नोडमध्ये इवलीशी असते, साध्या एक्स-रेत ती दिसत नाही. म्हणून सीटी करतात, सीटीत काही नसेल तर पेट स्कॅन, आणि तेही स्वच्छ आलं तरी विषय तिथे संपवत नाहीत, दर तीन ते सहा महिन्यांनी परत स्कॅन, साधारण दोन वर्षं. पहिल्या स्कॅनला सुटका झाली म्हणून परत न येणारे रुग्ण असतात, खर्च असतो, गाव लांब असतं, सगळं कळतं, पण हे दोन वर्षांचं पाळणं खरंच पाळा.

आणि आपल्याकडची खास अडचण, टीबी. छातीत गाठी दिसल्या, वजन उतरलंय, तर आधी टीबीचा संशय येणं आपल्या देशात साहजिक आहे, टीबी आहेच एवढा. पण गाठीचा तुकडा न तपासता, म्हणजे बायोप्सी न करता, टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या तर महिने जातात आणि स्मॉल सेल कॅन्सर महिने देत नाही. बिडी ओढणारा माणूस, गळालेले पाय आणि छातीत गाठी असं तिन्ही एकत्र असेल तर बायोप्सीचा आग्रह धरा, त्यात भांडण वाटून घ्यायचं कारण नाही.

लँबर्ट-ईटनच्या रुग्णात कॅन्सर असण्याची शक्यता किती, याचा अंदाज घ्यायला डच आणि इंग्लिश डॉक्टरांनी २०११ मध्ये एक सोपी मोजणी काढली. वय पन्नास किंवा वर, सिगरेट चालू, वजन उतरलेलं, बोलणं-गिळणं अवघड, लैंगिक दुर्बलता, आणि एकूण हिंडणं-फिरणं कमी झालेलं, प्रत्येकाला एक मार्क. शून्य किंवा एक आला तर कॅन्सर निघणं फार विरळ, चार आणि वर असेल तर जवळपास नक्की. मघाशी मुलाला बाहेर पाठवून विचारलेला तो प्रश्न यात आहे बघा. म्हणून संकोच न करता सांगा, आणि डॉक्टरांनीही विचारा.

[दृश्य: सलाइन लावलेला हात. मग गोळ्यांची डबी.]

उपचारांत पहिलं काम कॅन्सरचं. स्मॉल सेलला केमो बऱ्याचदा झपाट्याने लागू पडते, सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन आणि सोबत इटोपोसाइड, गाठ छातीपुरती असेल तर रेडिएशन. गाठ आक्रसली की अँटीबॉडी तयार करायला लावणारं कारणच कमी होतं आणि लँबर्ट-ईटनचे पाय सुधारायला लागतात. शिवाय आयव्हीआयजी (निरोगी माणसांच्या रक्तातल्या अँटीबॉडी शिरेतून देणं), स्टेरॉइड, प्लाझ्मा बदलणं हे गरजेप्रमाणे. आणि एक ठरावीक औषध आहे, अमिफाम्प्रिडीन. ते नसेच्या टोकाला विजेचा हुकूम थोडा जास्त वेळ टिकवतं, त्यामुळे उरलेली कॅल्शियमची दारं जास्त वेळ उघडी राहतात. काही रुग्ण गोळी घेऊन तासाभरात खुर्चीतून स्वतः उठतात.

या गोळीची अमेरिकेतली कथा मात्र चीड आणणारी आहे. तिथे एक छोटी कौटुंबिक कंपनी अनेक वर्षं विशेष परवानगीखाली हे औषध रुग्णांना फुकट देत होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये दुसऱ्या कंपनीच्या गोळीला अधिकृत मान्यता मिळाली आणि वर्षाची किंमत लागली ३ लाख ७५ हजार डॉलर. फेब्रुवारी २०१९ मध्ये सिनेटर बर्नी सँडर्स यांनी कंपनीला पत्र लिहून जाब विचारला. रेणू तोच, अनेक दशकं माहीत असलेला, फक्त कागद बदलले.

एक सूचना आवर्जून, लँबर्ट-ईटनच्या रुग्णाचं कुठलंही ऑपरेशन असेल, अगदी हर्नियाचं सुद्धा, तर भूलतज्ज्ञांना आधी स्पष्ट सांगायचं. स्नायू सैल करणारी औषधं या रुग्णांना फार जास्त लागू होतात, १९५३ च्या त्या लंडनच्या रुग्णासारखी.

ज्यांना कॅन्सरसोबत लँबर्ट-ईटन असतो ते, तसा आजार नसलेल्या स्मॉल सेलच्या रुग्णांपेक्षा सरासरी जास्त जगतात असं अभ्यासांत दिसलंय. थोडा भाग लवकर सापडण्याचा असेल, थोडा त्या चुकून नसांवरही उठलेल्या फौजेचा. आणि आता नवा प्रश्न उभा राहिलाय. २०१९ पासून पसरलेल्या स्मॉल सेल कॅन्सरमध्ये केमोसोबत अटेझोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी देतात, जी प्रतिकारशक्तीचे ब्रेक काढते. ब्रेक काढले की ती गाठीवर जोरात तुटून पडते, पण ज्याच्या अंगात आधीच अँटी-हू फिरतोय त्याच्या नसांवरही तुटून पडू शकते, आणि हे औषध दिल्यावर नव्याने असे आजार सुरू झालेले रुग्ण जगभर नोंदवले गेलेत. म्हणून कॅन्सरचे डॉक्टर आणि न्यूरॉलॉजिस्ट अशा रुग्णासाठी आता एकत्र बसतात, लँबर्ट-ईटन असेल तर जोखीम तोलून कधी कधी औषध देतात, अँटी-हूने मेंदू किंवा जाणिवेच्या पेशी धरल्या असतील तर बहुतेक जण टाळतात, आणि हा निर्णय घेताना रुग्णाला आणि घरच्यांना समोर बसवून दोन्ही बाजू सांगतात.